साक्ष नव्हे, उपदेश

बाई,

उद्या मी उपदेश करणार आहे. साक्ष नव्हे, उपदेश. चर्चच्या दारातल्या फळ्यावर खडूनं तसं लिहून झालंय, आणि तेवढं एक लिहून घ्यायला मला आठवडाभर भांडावं लागलं. आमचे पाळकसाहेब बदलून धर्माबादकडे गेले, नवे अजून आले नाहीत. तेव्हा कमिटीनं विचारलं, बाई, या रविवारी तुम्ही बोलाल का? मी हो म्हटलं. जन्म शाळेत पोरांपुढं बोलण्यात गेला, मोठ्या माणसांपुढं बोलायला माझं काय जातंय? पण सोमवारी फळा बघितला आणि डोकंच फिरलं. "साक्ष", आणि पुढं माझं नाव. काल मिसरूड फुटलेला पोरगा बोलणार असता तर त्याच जागी "उपदेश" लिहिलं असतं. आपली जुनी रीत तुम्हाला मी काय सांगायची? आपल्यावर काय गुदरलं आणि देवानं कसं सावरलं एवढं सांगून खाली बसायचं, ती साक्ष. शास्त्र उघडून त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या पदरात घालायचा, तो उपदेश. बाप्या बोलला की उपदेश, बाई बोलली की साक्ष. मग बोलणं तेच का असेना!

दुष्काळातलं ते खडीचं काम आठवतं का? निलंग्याच्या पुढं, सडकेच्या कडेला. दगड तापून लाल झालेत, बाया ओळीनं बसून हातोडीनं खडी फोडतायत, आणि तुम्ही ओळीच्या टोकाला फतकल मारून शास्त्रातली गोष्ट सांगताय. मला, शाळकरी पोरीला, गाणं म्हणायला आणलंय. ज्या दिवशी सुकडी वाटतात त्या दिवशी तुम्ही तिकडं फिरकत नाही. मी एकदा विचारलं, त्या दिवशी तर माणसं जास्त जमतात की. तुम्ही डोळे वटारलेत. "पोटासाठी रांगेत हुबं राहिल्याला मानूस मानच हलवतो, पोरी. त्याला ऐकणं म्हणत्यात व्हय?" आणि दुसरी गोष्ट शिकवलीत ती हाताची. ऐकता ऐकता बाईचा हात थांबला की तिची मजुरी बुडते, मुकादम ओरडतो. म्हणून तुम्ही हातोडीच्या तालावर बोलायचात. "घाव पडू दे, मग शब्द टाक. आपल्या उपदेशापायी कुणाची भाकर जाऊ न्हाई." बघा, तेव्हा तुम्हीच उपदेश म्हणत होतात! मी आजही दोन वाक्यांमध्ये थांबते. लोकांना वाटतं, बाईंना धाप लागते.

त्या दिवशी विहिरीवरच्या बाईची गोष्ट चालली होती. प्रभू चालून चालून दमलाय, विहिरीवर बसलाय, आणि परक्या जातीच्या बाईला पाणी मागतोय. ओळीतल्या एका म्हातारीनं मान वर केली. "का वो, त्या हिरीला पानी होतं का?"

"होतं की. लई खोल होती. पन प्रभूकडं पोहराच न्हवता."

"घ्या! आमच्याकडं पोहरा हाय तर पानी न्हाई."

सगळी ओळ हसली, मुकादमसुद्धा हसला. तुम्ही हसू पुरतं ओसरू दिलंत. मग घाव पडल्यावर म्हणालात, "जगाला पानी द्यायला आल्यानं आधी सोता मागितलं. आन् जिच्या हातचं त्याचे लोक पीत न्हवते, तिलाच मागितलं." त्या साली कधी उंबरा न ओलांडलेल्या घरच्या बायाही खडीवर आल्या होत्या, पदर नाकापर्यंत ओढून. त्यांचं पाणी वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. त्यांतली एक उठली, आपल्यापाशी आली आणि आपल्या फिरकीच्या तांब्याकडं बोट करून म्हणाली, "बाई, घोटभर द्या." प्यायली. सगळ्यांदेखत. तेवढ्यापुरत्या सगळ्या हातोड्या थांबल्या, आणि मुकादम काही बोलला नाही. बाई, याला साक्ष म्हणायचं? माझ्या डोळ्यांसमोर झालेला तो पहिला उपदेश. मोठी होऊन मला काय करायचंय ते मला तिथं, त्या धुरळ्यात कळलं. पाळकसाहेब ज्याला पाचारण म्हणतात ते हेच, दुसरं काय?

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून आपली शिकली-सवरली माणसं आली, आणि पत्र्याच्या खोलीतल्या चर्चचं माईकवालं, पुलपिटवालं चर्च झालं. कमिटीत सगळे साहेब. साहेब आले की कायदे आलेच. महिलांच्या रविवारी तुम्हाला बोलावलं, तुम्ही तीच गोष्ट काढलीत, आणि ऐन रंगात आली तेव्हा पुढच्या बाकावरून कमिटीतले एक गृहस्थ उभे राहिले. "बाई, साक्ष द्या. उपदेश नको." मला वाटलं, आता बाई त्यांची खरडपट्टी काढणार. तुम्ही हात जोडलेत. "हाव साहेब, चुकलंच. ही साक्षच हाय," असं म्हणून पुलपिटावरून खाली उतरलात आणि दाराजवळ उभ्या राहून राहिलेला सगळा उपदेश शेवटपर्यंत सांगितलात! मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र राग आला होता.

त्या दिवशी परतताना निलंग्याच्या यष्टीत तुम्ही मला फुटाणे देत होतात, आणि मी घेत नव्हते.

"अगं खुळे, त्यांना नाव पायजे होतं, दिलं. मला बोलायचं होतं, बोलले. भांडत बसले असते तर अर्धी गोष्ट तोंडातच राहिली असती."

"पण बाई, तो उपदेश होता."

"व्हता की. तुला ठाव हाय, मला ठाव हाय, देवाला ठाव हाय. त्या साहेबाला कशाला ठाव पायजे?" आणि मग तो टोला. "तुझी जबान लई चालती. उपदेश करनाऱ्याचं अर्धं काम गप बसायचं असतंय." औशापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुम्ही सगळे फुटाणे एकटीनं संपवलेत.

तुमचं पुष्कळ ऐकलं मी, पण हे पटलं नाही, आणि या वयातही पटत नाही. साहेबाला ठाव पाहिजे होतं, बाई. तुमच्या मातीच्या वेळी तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, बाईंची साक्ष फार चांगली होती. संपलं! तुमची उन्हातान्हातली सगळी पायपीट त्या एका शब्दात बसवली त्यांनी. आणि आता आमच्या रविवारच्या शाळेतली एक चुणचुणीत पोरगी मला विचारते, "बाई, बायांना उपदेश येत न्हाई का?" तिला काय सांगू? येतो गं, पण आम्ही दाराजवळ उभ्या राहून सांगतो, आणि नाव दुसरं देतो? छे. मला ते जमायचं नाही.

म्हणून सोमवारी सेक्रेटरीला गाठलं. तो माझाच विद्यार्थी, पाढे माझ्याकडं शिकलाय.

"बाई, एक शब्द तर हाय."

"एकच हाय ना? मग पूस."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे. न्हाईतर रविवारी तूच हुबा राहा." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग बुधवारी कमिटी बसली. एक म्हातारे म्हणाले, बाईमाणूस पुलपिटावर चढणार? मी म्हटलं, चढणार. गुडघे दुखतात, पण चढणार. शुक्रवारी होय-नाही करत त्यांनी होकार दिला, आणि आज सकाळी सेक्रेटरीनं माझ्यादेखत फळा पुसला. दोन घरांनी आम्ही येणार नाही असा निरोप धाडलाय. न का येईनात. रिकाम्या बाकांपुढंही मी उपदेशच करणार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे एका परीनं बरंच आहे. कमिटीत ते म्हातारे असंही म्हणाले, की तुमच्या बाई असत्या तर त्यांना हे आवडलं नसतं. मी ठणकावून सांगितलं, आवडलं असतं. खोटं बोलले. तुम्ही नुसतं एकदा माझ्याकडं बघितलं असतं, आणि मी गुमान साक्ष देऊन खाली बसले असते. माझा तुमच्यावर किती जीव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, अजून एक दिवस आठवणीवाचून जात नाही. पण बाई, तुम्ही नाहीत म्हणूनच मला तो शब्द मागता आला.