मोजणीच्या दिवशी हजर

४ फेब्रुवारी

बाबा निवृत्त होऊन आज अकरा दिवस. आईने दहाव्याच दिवशी हात टेकले.

त्यांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतलाय. शीर्षक तयार, अर्पणपत्रिका तयार, प्रस्तावना दोनदा तयार. इतिहास तेवढा राहिलाय. तो मी आणायचा. कारण मी ‘नकाशातली’! मी जुने नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवते, हे खरं. पण बाबांच्या मते त्यामुळे पूर्वज माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले.

हवाय काय, तर साहेबाच्या राज्यातल्या पहिल्या मोजणीचा कागद. त्यात माझ्या पणजोबांचं, म्हणजे बाबांच्या आजोबांचं, नाव. पहिले मालक म्हणून. “नुसतं माळरान होतं गं! एकट्याने फोडलं, हातांनी!” ही कथा मी जेवताना चारशे वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी दगड मोठे होतात.

७ फेब्रुवारी

काकूंचा फोन. काका, म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, दवाखान्यातून घरी आले. हृदयाचा दुसरा झटका. “भावजी, एकदा येऊन जा. सारखं तुमचं नाव काढतात.”

बाबा आणि काका बावीस वर्षं बोलत नाहीत. कारण: एक दगड. दोघांच्या सामाईक शेतात बाबांना पणजोबांच्या नावाचा दगड बसवायचा होता. काका म्हणाले, दगड नको. का नको, ते सांगेनात. बाबांनी अर्थ लावला: याला आजोबांचं नावच पुसायचंय. चोर म्हणाले, कृतघ्न म्हणाले. पुढची यादी आईला पाठ आहे.

आज बाबा काकूंना फोनवर म्हणाले, “येईन. पण कागद घेऊनच येईन.”

आजारी माणसाला भेटायला लोक फळं नेतात. आम्ही पुरावा नेणार.

११ फेब्रुवारी

अर्धी रजा. दप्तरखाना. चार पंखे, त्यातला एक फिरतो — नेमका रिकाम्या खुर्चीवर.

कारकुनांनी अर्ज उलटसुलट पाहिला. “कोर्टात लावायचंय का, मॅडम?”

“नाही. घराण्याचा इतिहास.”

“अरे बापरे!” आवाजात खरी सहानुभूती. “सगळ्यांना राजेच सापडायला हवे असतात. दुपारनंतर या.”

दुपारनंतर खातेदारांची पक्की वही मिळाली. सुरेख अक्षर. शेत क्रमांक एकेचाळीस, मालक: पणजोबा. एकही खाडाखोड नाही.

इथे शहाण्या मुलीने नक्कल घेऊन घर गाठलं असतं. पण पक्की वही कचेरीत बसून उतरवलेली असते. मूळ मोजमाप पाहिल्याशिवाय मी आकडा पुढे सोडत नाही. कामावर याबद्दल कौतुक होतं.

१२ फेब्रुवारी

कच्चं टिपणबुक मिळालं. वाळवीने एकही पान खाल्लेलं नाही. एवढी कृपा नको होती.

१३ फेब्रुवारी

काल एवढंच लिहिलं. आता क्रमाने.

टिपणबुक म्हणजे मोजणीदार शेतात उभा राहून पेन्सिलीने भरायचा ती वही. एकेचाळीसच्या पानावर हातनकाशा आहे. त्यात एक बांधीव विहीर आणि चौदा झाडं. माळरानावर! मी नकाशा आजच्या चित्रावर बसवून पाहिला. फरक दीड मीटर. विहीर जागच्या जागी.

मालकाच्या रकान्यात आधी एका बाईचं नाव. पुढे: विधवा, हजर नाही. त्यावर आडवी रेघ. खाली पणजोबा: जागेवर हजर.

रीतच तशी होती. वहीच्या सुरुवातीला नियम छापलाय — मोजणीच्या दिवशी जो जागेवर हजर असेल, त्याचं नाव लावावं.

पणजोबा हजर कसे? तेही आहे. मागच्या पानावर त्या दिवसाच्या मजुरांची हजेरी. मोजणीची साखळी ओढायला दोघं. त्यातले दुसरे आमचे पणजोबा. हजर नसतील तर काय! साखळीचं एक टोक त्यांच्याच हातात होतं.

पानाला एक अर्ज टाचलाय. बाईंचा अंगठा. लेक आजारी म्हणून तिच्या गावी गेले होते. विहीर माझ्या सासऱ्यांनी बांधली. शेजारच्या शेतवाल्यांना विचारा.

त्यावर शेरा: मुदत संपली.

एकट्याने, हातांनी. यातलं ‘हातांनी’ तेवढं बरोबर निघालं.

१४ फेब्रुवारी

“मिळालं?” बाबा. सकाळपासून पाचव्यांदा. भेटीला जायचा शर्ट इस्त्री करून खुंटीवर लावलाय.

“शोधतायत.”

आईने भाजी चिरता चिरता वर पाहिलं. “काय सापडलं?”

“काही नाही.”

“तुमच्या घराण्यात ‘काही नाही’ म्हणजे बरंच काही असतं.”

पर्याय तीन. दोन्ही पानं दिली, तर बाबा महिनाभर अंथरूण धरतील, आणि काकांकडे महिना आहे की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. एकही दिलं नाही, तर बाबा जाणारच नाहीत. फक्त पक्क्या वहीचं दिलं, तर उद्या निघतील.

हे गणित आहे. माया वगैरे नाही.

१६ फेब्रुवारी

“दोन्ही पानांच्या नकला करू?” कारकून.

“एकच. पक्क्या वहीची.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अच्छा.” एका शब्दात माणूस किती बोलू शकतो!

बाबांनी नक्कल तीनदा वाचली. मग आईला वाचून दाखवली. मग मला — जणू ती शेजाऱ्यांनी आणली होती. “आता काय बोलतो ते बघतोच! आणि शेवटी कोणी शोधलं? माझ्या लेकीने!” पाठीवर थाप.

मी मान डोलावली. त्यात मी तरबेज आहे.

१८ फेब्रुवारी

आईबाबा निघाले. कागद पाकिटात, पाकीट फाइलमध्ये, फाइल पिशवीत, पिशवी छातीशी. आईने संत्री घेतली. “कोणीतरी माणसासारखं वागायला हवं.”

१९ फेब्रुवारी

दुपारी परतले. बाबा सरळ आत. आईने सांगितलं ते असं:

काकांनी उशीला टेकून कागद शेवटपर्यंत ऐकला. “अक्षर छान आहे,” म्हणाले. बाबा भडकले — मग दगड का नको होता, सांग! तेव्हा काकू उठल्या, “पुरे झालं आता,” म्हणाल्या, आणि काका नको नको म्हणत असताना कपाटातून एक कागद काढला. टिपणबुकाचं पान. बावीस वर्षांपूर्वी काढलेली नक्कल.

काका म्हणाले, “तुझा आजोबांवर फार जीव रे. मला चोर म्हणालास तर म्हणालास.”

संत्री तशीच राहिली म्हणे.

संध्याकाळी बाबा माझ्या दारात उभे. “हे पान तिथे होतं?”

“हो.”

“तू वाचलंस?”

“हो.”

२३ फेब्रुवारी

बाबांनी एक दिवसही अंथरूण धरलं नाही. रोज सकाळी काकांना फोन करतात, तासभर. दोघं मिळून त्या बाईंच्या लेकीचं गाव शोधतायत — तिचं कोणी असेल तर आधी त्यांना भेटायचं, मग शेताचं बघायचं.

माझ्याशी बोलत नाहीत. टिपणबुकाचा क्रमांक हवा होता, तोही आईकडून मागवला.