तलाठ्याचा वाडा

भांडगाव, ता. दौंड
७ मार्च १९९९

चि. सुरज यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. धनश्रीचा खोकला गेला का? बाळ आता धरून उभं राहत असेल.

फोन करत नाही, कारण फोन मारुतरावांच्या ओसरीवर आणि बोलायला लागलं की त्यांचं सगळं घर कान देऊन बसतं. शिवाय फोनवर तू "बघतो आक्का" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्रात तसं करता येत नाही.

आबांचं आहे तसंच. दिवाळीआधी अंगावरून वारं गेलं तेव्हापासून डावा हात नुसता लोंबतो. पाय ओढत का होईना, चालतात. सकाळी त्यांना मोरीपर्यंत नेते, अंघोळ घालते, सदऱ्याच्या गुंड्या लावते. गुंड्या लावताना ते आढ्याकडे बघतात आणि मी गुंड्यांकडे. मग धुणं, भाकरी, रानात खुरपणी, परत येऊन गोळ्या. दिवाळीत तू म्हणालास, "आक्का, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." ते वाक्य मला अजून टोचतं बघ. मी कुणाच्या जिवावर निर्धास्त व्हायचं, ते काही तू बोलला नाहीस.

असो. तुझा तलाठी मजेत आहे. का विसरलास त्याला? सहावीत असताना माळावरून दप्तरात घालून आणलेलं कासव, पाठीवर चांदण्या असलेलं. कधीतरीच दिसतो आणि दिसला तरी चालतो सावकाश, म्हणून आबांनीच त्याचं नाव तलाठी ठेवलं. तू नाशिकला गेलास आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी सासरहून माघारी आलेली, मोकळी बाई, आणखी एक सांभाळायला काय जातं? इतकी वर्षं तो फुटक्या सिमेंटच्या टाकीत होता. रोज पाला टाका, घाण काढा, ऊन दाखवा, कुत्र्यांपासून जपा.

तर मागच्या महिन्यात आबा एकाएकी म्हणाले, "ह्येला वाडा करू या."

मला वाटलं, चला, माणसाला काहीतरी करावंसं वाटतंय. त्यांनी माळ्यावरची वाघर काढायला लावली. मेंढरं विकून जमाना झाला, पण मेंढरं कोंडायची ती जाळी त्यांनी उंदरांपासून जपून ठेवली होती. उजव्या हातानं खुंट्या ठोकल्या, दातात धरून गाठी मारल्या. वीतभर कासवाला कमरेएवढं कुंपण. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, दुसरा कसला वाडा बांधणार?

सकाळी बघते तर तलाठी फरार. जाळीखालची माती उकरून गेला होता. भिमाजीच्या कांद्यात सापडला, पात खात बसलेला, आणि भिमाजीची बडबड मला ऐकावी लागली. आबा त्या भोकाशी उकिडवे बसले. म्हणाले, "मेंढरू वरनं उडी मारतंय. ह्यो खालनं जातो. आपुन आपलं वरचंच राखत बसलो." आणि हसले. वारं गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग दुसरा वाडा करायला घेतला. कष्ट माझे, हुकूम त्यांचा. परसात गुडघाभर चर खणला, त्यात गोठ्याच्या जुन्या फरशा उभ्या पुरल्या, अर्ध्या आत, अर्ध्या वर. मधोमध मुरमाचा उंचवटा, उन्हात शेकायला. फुटका रांजण आडवा करून अर्धा मातीत दाबला, ते त्याचं घर. पाण्याला मातीचा पसरट परळ, तोही जमिनीबरोबर, नाहीतर तलाठी चढताना उताणा पडायचा. मग लावणी. कडेनं कोरफड आणि फड्या निवडुंग, सावलीला तरवड, मध्ये हरळीचे गड्डे आणि घोळीची भाजी. घागरींच्या ओट्याखालून पन्हळ काढली, सांडलेलं पाणी आधी परळात आणि तिथून हरळीला जातं. माझी कंबर गेली. मी चिडून म्हणाले, "आबा, टाकीत बरा होता की. मी टाकतेच आहे ना पाला?" ते म्हणाले, "तू टाकतीस, म्हनून तर."

तेव्हा मला कळलं नाही.

घोळ धरली, हरळी फुटली. परवा तलाठ्यानं आपलं आपण खाल्लं, परळात उतरून पाणी प्यायला आणि रांजणात जाऊन झोपला. मी रिकामे हात घेऊन उभी. आबा शेजारी बाजेवर. म्हणाले, "आता ह्येला कुनी बघाया नगं. तुझी नोकरी कुटं लागली? शिरूरलाच न्हवं?"

सुरज, इथवर मी कासवाचंच लिहीत आले. आता लिहिते. शिरूरला मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. राहायला खोली, जेवण आणि पगार. वाड्याचं निघायच्या आधीच, शिरूरच्या बाजारातून मिरची आणते सांगून मी भेटून आले, आणि त्यांनी मला घेतलं. घरी कुणालाच बोलले नाही. हो म्हणायचं की नाही, ते ठरत नव्हतं. आबांना सोडून कशी जाऊ, हाच प्रश्न.

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? मिरचीला गेलेली बाई पिशवी रिकामी घिऊन आली. म्हाग आसली तरी पावशेर तर आनतीच की बाई. तवाच म्हनलं, पोरगी कुटंतरी निघाली. आन् निघंल, तर ह्या टाकीपाशी आडंल."

मी रडले. लाज सोडून रडले. त्यांनी रडू दिलं.

आज सकाळी उठून बघते तर आबा सदरा घालून बसलेले. एका हातानं गुंड्या लावलेल्या, सगळ्या चुकलेल्या, खालची वरच्या काजात. मी नीट करायला गेले तर हात बाजूला सारला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सवय करू दे."

मी थकले आहे रे. आबांवर माझा राग नाही, तुझ्यावर थोडा आहे. पण थकल्यावर राग धरायलाही अंगात जोर लागतो. मला फक्त एक खोली हवी आहे, जिचं दार मी आतून लावीन आणि कुणी हाक मारणार नाही.

"फ्लॅटमध्ये आबांना करमणार नाही" हे तुझं मला पाठ आहे. न्यायचं की इथं येऊन राहायचं, की आणखी काही, ते तू आणि धनश्रीनं बसून ठरवा. मी पाडव्याला घरी आहे. पुरणपोळी करून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी शिरूरला हजर होते आहे. येतोस का, असं विचारत नाही. ये.

तलाठ्याची सोय झाली, त्याला आता कुणी नको. आबांच्या गुंड्या अजून चुकतात.

तुझी,
पाडव्यापर्यंत इथेच असलेली,
सुषमाआक्का