दाराजवळचा बाक

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला पंधरा दिवस लागले, माफ करा. गुडघे आता कसे आहेत? इकडे ठीक. दुकान नऊला उघडतो, स्वयंपाक जमेल तसा करतो. तुमच्या धाकट्या बहिणीचे कपडे तुम्ही सांगितलंत तसे चर्चच्या पाळकांकडे दिले. चष्मा ठेवून घेतला.

तुम्ही लिहिलंत, ‘शेवटच्या उपासनेत तुम्ही तिच्या शेजारी होतात, एवढाच मला आधार आहे.’ ते वाक्य रोज काढून वाचतो.

आम्हा नवराबायकोचं तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा पहिला बाक, माझा दाराजवळचा. कुलूपवाल्याला रविवारीच जास्त फोन येतात; लोक बाहेर पडतात आणि चावी आत राहते. ती म्हणायची, “तुम्ही देवालासुद्धा ‘आलोच पाच मिनिटांत’ सांगून ठेवलंय.” मी हसायचो. वीस वर्षं हसलो.

त्या रविवारी ती माझ्या बाकावर येऊन बसली.

“आज पुढे नाही?”

“तिथपर्यंत चालवत नाही. आणि तुम्ही काही तिकडे येत नाही, म्हटलं मीच येते.” मग हळूच म्हणाली, “आज तेवढा फोन बंद ठेवा.”

मी मान डोलावली. आवाज बंद केला, फोन नाही.

प्रभुभोजनाची भाकर आमच्या बाकापर्यंत यायच्या आत तो खिशात थरथरला. मी उठलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त पाय आखडून वाट दिली.

कुणी घराबाहेर अडकलं नव्हतं, ताई. एका गृहस्थाचं कपाट होतं. संध्याकाळपर्यंतही थांबलं असतं.

परत आलो तेव्हा ती चर्चच्या पायरीवर एकटी बसली होती, हात छातीवर. घरी सोडतो, दवाखान्यात नेतो, असं सगळे म्हणाले होते. प्रत्येकाला तिने “हे येतीलच” म्हणून वाटेला लावलं. तासभर. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं.

ती शेवटी प्रार्थना म्हणत होती, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खोटं. टॅक्सीत तिने विचारलं, “निघालं का कुलूप?” मी हो म्हणालो. “बरं झालं,” म्हणाली आणि डोळे मिटले.

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती पूर्ण देवाची होती, तरी माझ्या वाट्याला कधी कमी पडली नाही. मी कुठेच पुरा नव्हतो.

काल फोन दुकानात ठेवून गेलो. पहिल्या बाकावर बसलो. प्रार्थनेत हात तीनदा खिशाकडे गेला.

यापुढे माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. पण मी शेजारी होतो, असं आता कुणाला सांगू नका.

तुम्ही थट्टेने म्हणायचात तोच,
कुलूपवाला