बद्द वाजणारी पुंगळी

बाबा, गॅरेजमधला तुमचा बाक काल उचलला. आई आता माझ्याकडे लंडनला, इल्फर्डमध्ये येणार, म्हणून बर्मिंगहॅमचं घर रिकामं करतेय. बाकाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांनी भरलेला. इथे पिस्तुलांवर बंदीचा कायदा आला तेव्हा तुम्ही रिव्हॉल्वर पोलिसांकडे जमा केलंत आणि नेमबाजीच्या क्लबात रायफल चालवायला लागलात, तीही मुद्दाम त्याच मापाची, जमवलेल्या पुंगळ्या वाया जाऊ नयेत म्हणून. चांगला छातीचा डॉक्टर आणि हा कसला नाद, असं आई तुम्ही गेल्यावर सोळा वर्षांनी कालही म्हणाली.

मी लहान आहे, रविवारची सकाळ आहे, मी इथेच स्टुलावर बसलेय. तुम्ही झाडलेल्या पुंगळ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवता आणि कान देता. एखादी नीट किणकिणत नाही. ती शोधून तिच्या तोंडाशी केसाएवढी चीर दाखवता, "बद्द" म्हणता आणि बाजूला टाकता. एक पुंगळी किती वेळा भरता येते, मी विचारते. ती सांगेपर्यंत, तुम्ही म्हणता. दर खेपेला तोंड रुंद करायचं, गोळी बसवून पुन्हा आवळायचं, त्याने पितळ कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. दारू बेताची घातली तर वीस-वीस वेळा टिकते, हौसेने ठासली तर लवकर जाते. त्या बद्दला मी कित्येक वर्षं इंग्रजी बॅड समजत होते. तुमच्या उच्चाराची मैत्रिणींपुढे नक्कलही केलीय. अर्थ जुळत होता, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

एकदा तुमची पन्नास पुंगळ्यांची मोजणी पुरी व्हावी म्हणून मी एक चिरलेली गुपचूप चांगल्यांत मिसळली. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, तेव्हाही नाही. "ऐकू आलं होतं ना तुला? मग बोलायचं." एवढंच म्हणालात. मला फार लागलं होतं ते.

मग तो शेवटचा ऑक्टोबर. मी फोनवर परतीची ट्रेन बघत गॅरेजच्या दारात उभी. तुम्ही खोकलात, डावा हात उजव्या बरगड्यांवर पसरलात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलंत. "इथे बद्द वाजतंय गं."

"इट्स नॉट दॅट बॅड, बाबा."

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि परत पुंगळ्यांकडे वळलात. आईला तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं. छातीत पाणी झालं होतं आणि त्यामागे गाठ. मार्चमध्ये तुम्ही गेलात.

दोन वर्षांनी पुण्यात आत्याबरोबर माठ आणायला गेले. तिने बोटाने एक माठ वाजवला आणि हा नको, बद्द वाजतोय म्हणाली. मी तोच माठ तिला पुन्हा वाजवायला लावला. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, मला तो शब्दच माहीत नव्हता. लोक हळहळतात, माझी समजूत घालतात.

हा कागद डब्यातच राहील. शब्द नव्हता माहीत, हे खरं आहे. पण लहानपणी खोकला झाला की तुम्ही माझ्या पाठीवर असंच ठोकायचात, आणि तो आवाज कसा यायला हवा ते मला पाठ होतं. ट्रेनला चाळीस मिनिटं होती. ऐकू आलं होतं, बाबा.