चकलीचा निबंध

सर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले, त्यालाही बराच काळ लोटला. तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की शुद्धलेखनाची भीती वाटते.

तुम्ही कचेरीत कारकून होता, नोकरीसाठी रत्नागिरीकडून सिल्वासाला आलेले. शिकवणं हे तुमचं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. तरी वसतिगृहातल्या आम्हा सात वारली मुलींना रोज सकाळी कचेरीची वेळ होईपर्यंत तुम्ही आपल्या घराच्या ओटीवर बसवून सातवीच्या परीक्षेची तयारी करून घेत होता. काकू आत भाकऱ्या थापायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "सात आठे छप्पन्न गो, चोपन्न नव्हे!" निघताना प्रत्येकीच्या हातावर अर्धी भाकरी पडायची. मला ती आमच्या घरच्या नागलीच्या भाकरीपेक्षा मऊ लागायची आणि तसं वाटल्याचा रागही यायचा.

परीक्षेच्या महिनाभर आधी माझे वडील खानवेलकडून चालत आले. "पोरीला न्यायला आलूं, सायब. शिकून काय करल ती?" तुम्ही त्यांना ओटीवर शेजारी बसवलंत. "पास झाली तर मास्तरीण होईल. नापास झाली तर तुम्ही न्या, मी अडवणार नाही." वडील मान हलवून गेले. तो शब्द तुम्ही त्यांना दिला होता, पण त्याचं ओझं माझ्यावर होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही 'माझा आवडता सण' हा निबंध लिहायला दिलात. मी गाइडमधली दिवाळी उतरवली. आकाशकंदील, उटणं, चकली. तुम्ही वाचलंत आणि चष्मा काढलात.

"चकली खाल्लीस कधी?"

"नाय, सर."

"मग खोटं का लिहिलंस?"

"खरं लिवलं तर मार्क देतील?"

तुम्ही वही माझ्याकडे परत सरकवलीत. मग म्हणालात, "माहीत नाही. पण लिही." मी लिहिलं. नवं भात घरात येतं, तारपा वाजतो, आम्ही एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरतो. तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. पिठाचे हात तसेच ठेवून काकू दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. माझ्या घरातली गोष्ट मी पहिल्यांदाच पुस्तकी आवाजात ऐकत होते.

परीक्षेत तोच विषय आला. पेपर तपासणारा कोण असेल, त्याला तारपा माहीत असेल का, याचा विचार करत मी बसले. वडील डोळ्यांसमोर आले. मी चकली लिहिली.

पास झाले. तुम्ही वसतिगृहात येऊन सगळ्यांसमोर म्हणालात, "हिने स्वतःचं लिहिलं, म्हणून पास झाली." मी वाकून तुमच्या पाया पडले. मान खाली घालायला तेवढंच निमित्त होतं.

पुढच्या वर्षीच्या मुलींना तुम्ही माझंच उदाहरण दिलंत. त्यातल्या एकीने वाघदेवाच्या पूजेवर लिहिलं. ती मराठीत नापास झाली आणि रानात लाकडं तोडायच्या कामाला गेली. निबंधामुळेच गेली असं कुणी सांगू शकणार नाही. तिचं व्याकरणही कच्चं होतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. वर्गात निबंध घेताना मात्र मी मुलांना दोन्ही लिहायला लावायची, घरचं वेगळं आणि परीक्षेचं वेगळं. तुम्हाला ते पटलं नसतं. मला त्याहून बरं काही सुचलं नाही.

तुम्ही अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवून मी रजा टाकून सिल्वासाला आले. तुमच्या गल्लीत शिरले. काकू अंगणात तुमची चादर वाळत घालत होत्या, त्यांची पाठ होती माझ्याकडे. मी क्षणभर थांबले आणि तशीच मागे फिरले. घरी आल्यावर घरच्यांनी विचारलं तर सांगितलं, सर झोपले होते, म्हणून उठवलं नाही.