काळ्याच्या गंजातला कांदा

भंडारा, २९ जुलै १९८८

माय,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. वही मी रोज लिहितो. पाऊस किती झाला, शाळेत कोणत्या वर्गावर उगीच ओरडलो, भाजी कुठली झाली, सगळं त्यात असतं. तू नसतेस. तुझ्याबद्दल लिहायला बसलो की पेन आपोआप दुसरीकडे वळतं, आणि ते का वळतं हे मला ठाऊक असूनही मी आजवर त्याला वळू दिलं. परवा गुरांच्या दवाखान्यात एक गोष्ट घडली. त्यानंतर मात्र दुसरं काही लिहिता येईना.

आम्ही एक कुत्रा पाळला आहे. तुला हसू येईल, कारण घरात कुत्रा नको म्हणणारा मीच होतो. त्याच्यासाठी रोज दुपारी मी स्वतः शिजवतो, आणि तुझ्यासारखंच शिजवतो. तांदळाची कनकी धुऊन, बकऱ्याचं फोपसं बारीक चिरून, लाल भोपळ्याच्या फोडी, एखादं दोडकं, मूठभर मुनग्याचा पाला, चिमूटभर हळद. मीठ नाही, तिखट नाही. निवल्यावर बोटाच्या पाठीनं पाहायचं आणि मगच वाढायचं. ही म्हणते, घरच्या भाजीत कधी एवढं लक्ष घातलं नाही तुम्ही. खरं आहे. ते शिजत असताना गुरांच्या कोठ्यामागची तुझी तीन दगडांची चूल डोळ्यांसमोर येते. तिच्यावरचा तो जर्मनचा काळा पडलेला गंज, आणि पदर खोचून फुंकणीनं जाळ करणारी तू. गळ्यात तुळशीची माळ, आणि गंजात बकऱ्याचं आतडं.

त्यावरून गावात किती बोलायचे. शेजारची काकू कुंपणावरून म्हणायची, "काहो बाई, माळ घातली अन् कुत्र्याले मटन रांधून राहिल्या?" तू वर न बघता म्हणायचीस, "माळ माह्या गळ्यात हाये, त्याच्या गळ्यात नाही." बाबा बांधावरून परत आले की टोमणा मारायचे, "आमच्या ताटात डाळ अन् कुत्र्याच्या ताटात बकरा." त्यावर तू म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे, "तो आपला धान राखते. रानडुकराच्या तोंडापुढं तुम्ही उभे राहता का? त्याले नुस्ती पेज कायले पाजायची?" आदल्याच वर्षी जंगलाच्या बाजूच्या धानाच्या बांधीत आपल्या दोन कुत्र्यांतल्या काळ्यानं डुक्कर रोखून धरलं होतं आणि डुकराच्या सुळ्याची खूण त्याच्या मांडीवर होती. बाजाराच्या दिवशी तू स्वतः खाटकाकडे जायचीस. चार हात दूर उभी राहायचीस, तो पळसाच्या पानात बांधून ठेवायचा, तू ते उचलून आणायचीस. गंज चुलीवरून उतरला की विहिरीवर आंघोळ, मग घरची चूल. या सगळ्यात तुला कधी काही विसंगत वाटलं नाही. मला वाटायचं. मी बी. एस्सी. होऊन घरी बसलो होतो, नोकरीच्या पत्राची वाट पाहत होतो, आणि घरातली प्रत्येक गोष्ट तपासून तिच्यावर शेरा मारण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं.

आषाढ होता. कांदेनवमीला तू कांद्याची भजी केलीस, कांद्याचा झुणका केलास, कांदे घातलेल्या भाकरी थापल्यास, कारण दोन दिवसांनी चातुर्मास लागणार आणि मग चार महिने आपल्या घरात कांदा येणार नव्हता. तरी टोपलीत उरलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंधळगावहून मामाचा निरोप आला की आजी अन्न घेत नाही. धानाची रोवणी तोंडावर असताना तू निघालीस. पिशवी काखेत मारून तू कोठ्यामागं आलीस आणि मला म्हणालीस, "बापू, बाबाले जेवण करायले काकू येईन. कुत्र्यायचं तेवढं तू पाहजो. आजचं मटन आणून ठेवलं हाये, उद्यापासून तू आणजो. गंजात मीठ नोको, तिखट नोको, अन् कांदा तर बिलकुलच नोको."

"काहून?" मी विचारलं.

"माहा बाप नाही टाकत होता," तू म्हणालीस. "मी बी नाही टाकत." आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेलीस.

मला वाटलं, हेही चातुर्मासातलंच. आता हिनं कुत्र्यालाही चातुर्मास पाळायला लावला. मला त्याची इतकी गंमत वाटली की मी ते वहीत लिहिलं. ती वही आज माझ्यासमोर उघडी आहे. माझंच अक्षर, पण त्यातला माणूस मला आवडत नाही.

पहिल्या दिवशी तू आणलेलं मटन होतं. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन खाटकाच्या दिशेनं गेलो आणि वडापाशी थांबलो. दुकानापुढं माझ्या शाळेतले दोघे उभे होते. कॉलेज करून आलेला मुलगा कुत्र्यासाठी फोपसं मागतो, हे त्यांच्यासमोर मला जमेना. मी तसाच परतलो. घरी चरबीचा एक तुकडा उरला होता. तो मी गंजात वितळवला, टोपलीतले दोन-चार कांदे चिरून त्यात लाल होईपर्यंत परतले आणि वर कनकी टाकली. वास असा सुटला की काळ्या चुलीपाशीच येऊन बसला. त्यानं गंज चाटून पुसून काढला. दुसरी कुत्री, पांढरी, तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं; ती काकूच्या दारात जाऊन शिळी भाकर खाऊन आली. मला वाटलं, पांढरी आईसारखीच हट्टी. त्या दिवशी वहीत लिहिलं आहे: "कुत्र्याला कांदा आवडतो. आईचा समज निराधार. प्रयोगानं सिद्ध." पुढचे पाच दिवस मी तोच प्रयोग केला. खाटकाकडे गेलो नाही.

सहाव्या दिवशी काळ्या बांधीवर गेला नाही. बाबांनी दोनदा हाक मारली, तो उठला आणि बैलबंडीखाली जाऊन आडवा झाला. त्याची लघवी मी पाहिली. लाल होती, चहाच्या काढ्यासारखी. मी तिच्यावर माती लोटली. का लोटली हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कांद्यानं असं होतं हे मला माहीत नव्हतं, ही गोष्ट अगदी खरी आहे आणि मी गेली अठरा वर्षं तिच्या आडोशाला बसून आहे. पण तू सांगितलं त्यापेक्षा वेगळं मी काही केलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

आठव्या दिवशी तू आलीस. आजी सावरली होती. पिशवी ओट्यावर टाकून तू सरळ बंडीखाली वाकलीस. काळ्यानं शेपूट एकदाच हलवलं. तू त्याचा ओठ वर केलास, हिरडी पाहिलीस. ती कागदासारखी पांढरी होती. मग तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. नुसतं विचारायचं म्हणून विचारलंस.

"बापू, गंजात वेगळं काही टाकलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "तू सांगितलं तसंच."

तू मान हलवलीस. "तू शिकलेला," म्हणालीस. "तू कायले खोटं बोलशीन." आणि त्याच्या तोंडात बोटानं पाणी सोडू लागलीस.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बाबा खड्डा खणताना तुला म्हणाले, "तुह्या मटनानंच गेला. पावसाळ्यात सडकं आणतेस, वास नाही घेत." मी फावडं धरून शेजारी उभा होतो. तू म्हणालीस, "असन. त्या दिवशी घाईत मी वास नाही घेतला." काकू कुंपणावरून म्हणाली, माळ घालून मांस रांधलं ते देवाले पटलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तू चुलीचे तिन्ही दगड उचलून बांधावर टाकलेस आणि गंज पालथा घातलास. पुढं त्यात चुना भिजवायचे. पांढरीला पेज मिळू लागली. तू पुन्हा कधी खाटकाच्या वाटेनं गेली नाहीस, आणि बाबांनी आणलेल्या पुढच्या दोन्ही कुत्र्यांच्या डोक्यावर मी तुला हात फिरवताना पाहिलं नाही. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: "काळ्या गेला. कारण कळले नाही."

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुला चमच्यानं पेज भरवत होतो. तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "त्या गरीबाले मी मारलं रे." कोणाला, हे मी विचारलं नाही, कळलं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे माय, जुनं झालं." तुला क्षमा केल्यासारखं. आणि तू माझ्याकडे खरंच क्षमा मिळाल्यासारखं पाहिलंस. माझ्या आयुष्यात मी याहून वाईट काही केलं नाही असं परवापर्यंत समजत होतो.

परवा आमच्या कुत्र्याला सुई द्यायला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं विचारलं, काय देता खायला. मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "असं ताजं शिजवून कोण देतो हो. कोणी शिकवलं?" मी म्हणालो, आईनं. मला अभिमान वाटला, तुझाही आणि माझाही. मग ते म्हणाले, "फक्त कांदा नको. कच्चा नको, शिजवलेला नको. अंगातलं रक्त कमी होत जातं, चार-सहा दिवसांनी लघवी लाल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. लोकांना कळतच नाही कशानं गेला ते."

हिला बाबांनी काळ्याची गोष्ट दहा वेळा सांगितलेली आहे. ती म्हणाली, "अहो, मामंजी सांगतात तो काळ्या, त्याचं असंच झालं होतं ना? पण ते तर म्हणतात सासूबाईंनी सडकं मटन घातलं होतं." डॉक्टर म्हणाले, "मटन नसेल ते. कांदाच असेल. कोणी घातला होता?"

माय, मला विचार करायला वेळ होता. डॉक्टर सुई भरत होते.

मी म्हणालो, "आईच घालत असेल. खेड्यातली माणसं, त्यांना काय ठाऊक."

घरी येताना ही सायकलरिक्षात म्हणाली, "बिचाऱ्या. त्यांना कोणी सांगितलंच नसेल." मी रस्त्याकडे पाहत होतो. तुला कोणी सांगितलं होतं ते मला माहीत आहे. तुझ्या बापानं. आणि तू मला सांगितलं होतंस.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. गावी, कोंढ्याच्या घरी ओट्यावर बसतात आणि आल्यागेल्याला काळ्याची गोष्ट सांगतात. डुक्कर रोखल्याची आधी सांगतात, मग त्याच्या मरणाची. शेवट नेहमी एकच असतो, "बाई मोठी भली होती, पण त्या कुत्र्याले तिनंच मारलं." ऐकणारे हसतात, त्यातले काही तुझ्या माळेवर बोलतात. मीही तिथं बसलेलो असतो. आता बाबांची आठवण उतरत चालली आहे. तेही गेले, म्हणजे ही गोष्ट अशीच राहणार, आणि ती तशी राहावी असं माझ्यातल्या कोणालातरी अजून वाटतं. त्याला मी ओळखतो. खाटकाच्या दुकानाआधी वडापाशी थांबला तोच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. वर वाचून पाहिलं. एका ठिकाणी मी "दोन-चार कांदे" असं लिहिलं आहे. दोन-चार नव्हते. पहिल्याच दिवशी आठ-दहा होते, आणि सहा दिवसांत मी अर्धी टोपली संपवली. तुलाच लिहिताना, आणि आजसुद्धा, माझ्या हातून असं लिहिलं गेलं.

उद्या: हिला सोबत घेऊन कोंढ्याची पहिली बस, बाबांना ओट्यावर सगळ्यांसमोर सांगणे, वाटेतल्या कारध्याच्या पुलावर पाणी असलं तर ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबणे, पाण्याचं निमित्त करून घरी परत न येणे.