बावन्न दरवाज्यांच्या गावची

ती. काकासाहेबदादा,

जहाजाच्या डेकवर साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, म्हणून उभ्यानंच नमस्कार.

तुम्ही म्हणालात, "पन्नाशीच्या विधवेनं लग्न केलं तर शहागंजात तोंड दाखवता येणार नाय." म्हणून मुंबईत केलं. कलियुगात विधवाविवाह वर्ज्य, समुद्रप्रवासही वर्ज्य. संस्कृतची मास्तरीण असून मी दोन्ही एकाच आठवड्यात उरकले.

आत्ता गेटवे ऑफ इंडिया मागं सरकतोय. आपण बावन्न दरवाज्यांच्या गावचे, पण दरवाजा असा लहान लहान होताना आजच पाहिला.

सुदर्शनराव, म्हणजे तुमचे नवे मेव्हणे, विचारतात, "दादांना कळवायचं का?"

नाही म्हटलं. परतल्यावर दोघं थेट तुमच्या दारात उभे राहू. हे पत्र पाठवलं, तर तुम्हाला कडी लावायला वेळ मिळेल.

तुमची न ऐकणारी धाकटी बहीण,
दीपमाला